कश्यपगोत्री बुवा

उज्जैनात काळाला अजिबात न जुमानणारे दोघेच. एकाच्या दर्शनाला जगभरातून माणसं येतात. दुसरे माधवनगरात राहतात, सकाळी टावर चौकात पोहे खातात आणि माझ्या आत्याचे यजमान लागतात. या आमच्या आतोबांना वयाची पंचाहत्तरी केव्हाच मागे पडल्याची खबर अजून कुणी दिलेली नाही. वीज खात्यातून रिटायर झाल्यावर लोक केस काळे करतात, यांनी ते खांद्यापर्यंत वाढवले. मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं अशा दुपारी, काळं चामडी जाकीट घालून ते भाजी आणायला जातात. 'आतोबा, उकडत नाही का?' असं विचारलं तर म्हणतात, "उकडून तर राहिलंय, पण बुवांना ते शोभतं की नाही? मग!"

हे बुवा म्हणजे विलायतेतले एक जुने रॉक गायक. गळ्यात गिटार, डोक्यावर जटा आणि आवाज असा, की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी हात दारात सापडलाय. जगासाठी ते काहीही असोत, आतोबांसाठी ते बुवा. आतोबांचं घराणं शिंदेशाहीपासून गाण्याच्या बैठकीत मांडी घालून बसलेलं. ते रक्त जाणार कुठे? इंदूरला कॉलेजच्या होस्टेलात एका मित्राने बुवांची रेकॉर्ड लावली आणि या पठ्ठ्याने तिथल्या तिथे मांडी घालून 'वाहवा' दिली. तेव्हापासून ऐकण्याचा शिरस्ता तोच. गुरुवारी सकाळी अंघोळ, धूतवस्त्र, उदबत्ती, मग रेकॉर्डची एक बाजू. गाणं चालू असताना बोलायचं नाही, उठायचं नाही, आणि ड्रमवाला समेवर आला की हात वर करून दाद द्यायची. समोर कुणी गैरजागी मान हलवली तर आतोबा असे बघतात, की मान आपोआप जागेवर येते. बुवांचं नाव घेताना ते कानाच्या पाळीला हात लावतात, जसे गवई आपल्या उस्तादाचं नाव घेताना लावतात. ही शिस्त आम्हा सगळ्यांना लागू आहे. लिहिताना एका हाताने कान धरला तर कागद सरकतो, म्हणून मीही इथे बुवांचं नाव लिहीत नाही.

एका वर्षी गणेशोत्सवात आतोबांनी 'बुवांची गायकी' असं व्याख्यान जाहीर केलं. बुवा म्हटल्यावर लोकांनी आपापल्या समजुतीने तयारी केली. मंडळाने तंबोरे जुळवून ठेवले, गायनाचे एक जुने मास्तर पहिल्या रांगेत लोडाला टेकून बसले. आतोबांनी गणपतीला नमस्कार केला, 'अर्पण' म्हणाले आणि बटण दाबलं. पहिल्याच फटक्याला एका तंबोऱ्याची तार तुटली. गाणं संपेपर्यंत मास्तर हलले नाहीत. सगळ्यांना वाटलं, आता काही खरं नाही. मास्तर उठले, आतोबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माणूस ओरडतो फार. पण खोटं नाही ओरडत." हे प्रमाणपत्र आतोबा आजही, कुणी न विचारता, दाखवत असतात.

आत्याचं मात्र बुवांशी कधीच जमलं नाही. ती बुवांना 'तो मेला' म्हणते. कारणही तसंच आहे. तरुणपणी एकदा बुवा मुंबईला आले होते, आतोबांच्या खिशात तिकीट होतं, आणि नेमका त्याच दिवशी साखरपुडा ठरला. आतोबा साखरपुड्याला बसले. पण त्यानंतर लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला, पहिला पेढा तोंडात टाकून ते म्हणतात, "बुवांना सोडून आलो होतो हिच्यासाठी." आत्या तेवढ्याच वेळा म्हणते, "जायचं होतं तिकडेच. माझं डोकं शांत राहिलं असतं." या थट्टेच्या तळाशी एक गोष्ट खरी होती आणि ती आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती. एकदा, फक्त एकदा, बुवांना समोर बसून ऐकायचं, एवढीच इच्छा या माणसाने आयुष्यभर बाळगली होती. बाकी ना गाडी मागितली, ना बंगला, ना गरम चहा.

बुवांच्या वाढदिवसाला गल्लीतल्या शंकराला अभिषेक असतो. पहिल्या वर्षी गुरुजींनी संकल्प सोडताना विचारलं, "जिनके लिए अभिषेक है, उनका गोत्र?" आतोबा अडखळले. विलायतेत गोत्र कुठून आणायचं? गुरुजी अनुभवी. "जिसका पता नहीं, उसका कश्यप," असं म्हणून त्यांनी पळीभर पाणी सोडलं. त्या दिवसापासून बुवा कश्यपगोत्री झाले. आत्याचं माहेरही कश्यप गोत्राचं. "म्हणजे तुझ्या माहेरचाच निघाला की," असं आतोबांनी म्हटल्यावर ती दोन दिवस बोलली नव्हती.

असं सगळं सुखात चाललेलं असताना घात झाला. आतोबांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत एक गृहस्थ आहेत. कुणी गेलं की त्याचा फोटो, हार आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे सगळ्यात आधी मोबाइलवर टाकायचं, हे त्यांचं व्रत. घरच्यांच्याही आधी त्यांना कळतं आणि आजवर त्यांची बातमी कधी चुकली नव्हती. एका सकाळी त्यांनी बुवांचा फोटो टाकला. हारासकट.

आतोबांनी फोन बंद केला. कुणी गेल्याचं कळलं की आपल्यात डोक्यावरून पाणी घेतात, तसं सरळ न्हाणीघरात जाऊन त्यांनी पाणी घेतलं, आणि ओल्या केसांनी रिक्षा करून सिद्धवट गाठला. बुवांना मुलगा आहे की नाही, असला तर तो हे करणार आहे की नाही, काही ठाऊक नव्हतं. आपण उज्जैनात राहतो, लोक कुठून कुठून इथे पितरांसाठी येतात, मग आपल्या माणसाला पाणी द्यायला दुसरं कोण जाणार, एवढाच त्यांचा हिशेब. क्षिप्रेच्या काठावर बसून, कश्यप गोत्राचा उच्चार करून, त्यांनी बुवांना तीळ-पाणी दिलं. मी बातमी वाचून त्यांच्या घरी पोचलो तेव्हा आत्या देवापाशी बसून रडत होती. "इतकी वर्षं त्याला मेला मेला म्हटलं रे मी," ती म्हणाली.

दुपारी बातमी खोटी निघाली. बुवा ठणठणीत होते. माझ्या आतेभावाने पुण्याहून फोन करून सांगितलं आणि वर म्हणाला, "बाबांना सांग, बुवा निरोपाचा दौरा करताहेत. मुंबईला येणार आहेत. मी तिघांची तिकिटं काढतोय."

आम्हाला वाटलं, आतोबा नाचतील. आतोबांनी कपाळावर हात मारला. "मी नाही येणार."

"अहो, आयुष्यभर हेच तर मागत होतात!" आत्या म्हणाली.

"जित्याजागत्या माणसाला पाणी देऊन आलोय मी. या हाताने. कोणत्या तोंडाने त्यांच्यासमोर बसू?" आणि खरंच, त्या दिवसापासून त्यांनी रेकॉर्डला हात लावला नाही. गुरुवार आले आणि नुसत्या उदबत्तीच्या वासाने गेले. चामडी जाकीट खुंटीवरून उतरून कपाटात गेलं. टावर चौकातला पोहेवाला मला विचारू लागला, "भिया, चाचाजी की तबीयत तो ठीक है ना?" लोकांना वाटतं, नसतं वेड गेलं तर माणूस शहाणा होतो. आतोबा शहाणे झाले आणि आम्हा सगळ्यांना त्यांचं वेड परत हवंसं झालं.

शेवटी आत्याच उठली आणि गुरुजींकडे गेली. मला बरोबर नेलं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं, मग गंभीर झाले. "बहनजी, शास्त्र में इसका भी रास्ता है. जिसे मरा समझकर क्रिया कर दी और वो लौट आया, उसका नया जन्म मानते हैं. जातकर्म, नामकरण, सब फिर से."

"म्हणजे बारसं?" आत्याने विचारलं.

"बारसा ही समझ लो."

आत्या घरी आली, आतोबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "रविवारी तुमच्या बुवांचं बारसं आहे. दाढी करून बसा."

ऐंशीच्या घरातल्या विलायती गवयाचं ते बारसं माधवनगर विसरणं शक्य नाही. शेजारच्यांकडून पाळणा आला, भजनी मंडळातल्या बायका नटूनथटून आल्या. पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेली रेकॉर्ड ठेवली होती. वरच्या चित्रात बुवा जटा पिंजारून, आ वासून किंचाळत होते. आत्याने त्यांच्या गालाला काजळाची तीट लावली. "बाळ भुकेलं दिसतंय," एक काकू म्हणाल्या. "जावळ केव्हा काढणार?" दुसरीने विचारलं. गुरुजींनी मंत्र म्हटले, बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. मग प्रश्न आला, की कानात नाव सांगायला बाळाची आत्या हवी, ती कुठून आणायची?

"मी आहे की," आत्या म्हणाली. "कश्यपांकडचीच आहे मी."

तोवर आत्याच्या तोंडून बुवांचं खरं नाव कुणी ऐकलं नव्हतं. ती पाळण्यावर वाकली, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीवर धपाटे घातले, आणि तिने रेकॉर्डशी तोंड नेऊन 'कुर्र' करून ते आडनावासकट, एकही अक्षर न चुकता सांगितलं. रोज भिंतीपलीकडून कानावर पडत होतं, चुकणार कसं! मी आतोबांकडे पाहिलं. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या होत्या आणि डोळे गळत होते. पुढच्या गुरुवारी रेकॉर्ड लागली. जाकीटही बाहेर आलं.

मुंबईला आम्ही तिघं गेलो, आतोबा, आतेभाऊ आणि मी. आत्या गुडघ्यांमुळे आली नाही. म्हणजे तसं म्हणाली. गावभर मिरवलेलं जाकीट त्या दिवशी आतोबांनी घातलं नाही. बुवांच्या मैफलीला जायचं म्हणून रेशमी झब्बा, उपरणं, आणि बुवांना द्यायला पिशवीत शाल-श्रीफळ. फाटक्या पँटी घातलेल्या पोरापोरींच्या गर्दीत ते लग्नातले मुलीचे वडील शोभत होते. फाटकावरच्या रखवालदाराने नारळ अडवला. "भिया, श्रीफल है, बम थोड़ी है," आतोबांनी समजावलं. त्याने ऐकलं नाही. शेवटी आतोबांनी तिथल्याच दगडावर तो फोडला, निम्मा प्रसाद म्हणून रखवालदाराच्याच हातावर ठेवला आणि नमस्कार करून आत गेले.

बुवा आले. कुणीतरी कोपराला धरून आणलं, उंच स्टुलावर बसवलं. जटा विरळ झाल्या होत्या. पहिली दोन गाणी कशीबशी झाली. तिसऱ्यात, जिथे रेकॉर्डवर आवाज आभाळाला भिडतो, तिथे बुवांनी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. त्यांनी नुसतं बोट वर केलं. सगळं मैदान तो सूर गाऊ लागलं. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मीही गाऊ लागलो. आतोबा गात नव्हते. ते त्या चिखलगवतात मांडी घालून बसले होते, आणि गाणं संपलं तेव्हा समेवर त्यांचा एकट्याचा हात वर गेला.

परतताना गाडीत, नागदा मागे पडल्यावर आतोबा म्हणाले, "सूर नाही लागला रे. पण कुठे लागायला हवा, ते विसरले नाहीयेत." आणि मग, उज्जैन येता येता, "एक ध्यानात ठेवा सगळे. आता त्यांचं काही झालं तर मला कुणी सांगायचं नाही. माझं पाणी देऊन झालंय, बारसंही झालंय. आता परत नाही."

तेव्हापासून आतोबांच्या हातात पेपर आत्याच्या हातून येतो. मोबाइल त्यांनी कपाटात ठेवलाय. हारवाल्या गृहस्थांना आत्याने देवास गेटच्या भर बाजारात गाठून असा काही दम दिलाय, की ते आता आतोबांना पाहिलं की रस्ता बदलतात.

गेल्या गुरुवारी सकाळी ती बातमी माझ्या मोबाइलवर आली. मी दोन-चार ठिकाणी पडताळून पाहिली. या वेळी खोटी नव्हती. काय करावं ते सुचेना, म्हणून नेहमीसारखा आतोबांकडे गेलो. दारातूनच बुवांचा आवाज ऐकू येत होता, तरुण, पहाडासारखा. आतोबा उदबत्तीसमोर डोळे मिटून बसले होते. आत्या मागच्या दाराशी उभी होती. तिने डोक्यावरून पाणी घेतलं होतं. केस ओले, पदराखाली टॉवेल. माझ्याकडे पाहून तिने हलकेच 'नको' अशी मान हलवली. मी चप्पल काढून आतोबांच्या शेजारी बसलो.

बाजू संपली. "आज काय आवाज लागलाय बुवांचा!" आतोबा म्हणाले.

"हो, आतोबा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडून आत्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ना आज सण होता, ना उपास, पण तिला त्यांनी काही विचारलं नाही.

"केस नीट पूस," ते म्हणाले. "सर्दी होईल तुला."

आणि कानाच्या पाळीला हात लावून, रेकॉर्डची दुसरी बाजू लावायला उठले.