एकदाच विचारणारी गोष्ट

अक्का गेली त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारी, मी तिला फोन केला होता. दहाव्याला भाच्यानं विचारलं, "मामा, त्या आठवड्यात आईशी बोलणं झालं होतं का?" मी म्हणालो, "झालं होतं. बरी आहे म्हणाली." ते खोटं नव्हतं. पण सकाळपासून छातीत जळजळतंय असंही ती म्हणाली होती. मी "येऊ का?" विचारलं होतं, ती "नको" म्हणाली होती, आणि मी गेलो नव्हतो. एवढं मी गाळलं. पुढचे चार महिने ते सांगायचं राहिलंच.

बाहेरच्या माणसाला यात लपवण्यासारखं काही वाटणार नाही. नको म्हटलं, नाही गेलो. पण आमच्याकडे पहिलं नको कुणी मोजत नाही. घरी आलेला माणूस चहाला नको म्हणतो. पुन्हा विचारलं की आत्ताच घेऊन निघालो म्हणतो. तिसऱ्यांदा विचारतानाच कप आणून पुढे ठेवतात आणि तो पितो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा अधाशी आणि पहिल्या नकारावर थांबणारा कोरडा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अक्का आणि मी एकाच घरात वाढलो. तिचं पहिलं नको काय वजनाचं असतं हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

अक्का धुळ्याला देवपुरात एकटी राहायची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. यजमान आधीच गेलेले, मुलगा पुण्यात नोकरीला. मी जळगावला कॉलेजच्या ग्रंथालयात. एक शनिवार सोडून एक मी बसनं तिच्याकडे जायचो आणि रविवारी संध्याकाळी परत यायचो. दोन वर्षांपूर्वी मुलानं तिला नवा कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात दोन-तीन गोष्टींचे खेळ घालून दिले. पत्ते आणि रंगीत गोट्यांचा तिला कंटाळा आला होता. या खेळांत मारामारी नव्हती. एक माणूस असतो, त्याला चालवायचं, लोकांशी बोलायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. इंग्रजी वाक्यं भराभर यायची म्हणून ती मला शेजारी खुर्चीवर बसवायची. मी वाचून मराठीत सांगायचो आणि ती उंदरावर हात ठेवून बसायची. मधल्या दिवसांत एकटीच अडखळत खेळायची. माउसला ती शेवटपर्यंत उंदीरच म्हणाली.

पहिला खेळ सरळ होता. एक रिकामं घर, त्यातल्या खोल्या, कपाटातली पत्रं. खोल्या ठरलेल्या क्रमानं उघडत. शेवटच्या खोलीत त्या घरातली मुलगी का निघून गेली ते कळायचं. मला तो आवडला. लिहिणाऱ्यानं आधी काय सांगायचं आणि काय मागे ठेवायचं हे नीट ठरवलेलं होतं. अक्का मात्र नाराज.

"यामा मन्हं काय काम?" ती म्हणाली. "मी नुसती दारं उघडी ऱ्हायनू. शिपाईनं काम शे हे."

"वाचकाचं काम तेवढंच असतं," मी म्हणालो.

"म्हणीसन तू ग्रंथपाल व्हयना. तुले बठ्ठं आयतं लागस." मला सगळं आयतं लागतं, हे तिचं जुनंच मत.

दुसरा खेळ तिला हवा तसा निघाला. डोंगरातल्या एका थंड गावात टपाल वाटणारी बाई. दारोदार जायचं, लोक काहीतरी विचारणार आणि खाली दोन-तीन उत्तरं दिसणार. त्यातलं एक निवडायचं. काही निवडींनंतर पडद्याच्या कोपऱ्यात शाईचा एक ठिपका पडायचा. याचा अर्थ, या उत्तरामुळे पुढे काहीतरी बदलणार. प्रत्येक भागाच्या शेवटी एक नकाशा यायचा. आपण गेलो ती वाट ठळक, न घेतलेल्या वाटा पुसट. भूगोलाची बाई तो नकाशा चष्मा पुसून पुसून बघायची.

पहिल्याच भागात ती चुकली. गावात एक विधवा बाई खाणावळ चालवायची. टपाल घेतल्यावर तिनं दारातच विचारलं, आत येतेस का, रस्सा गरम आहे. खाली दोन उत्तरं आली, हो आणि नको. मी वाचून संपवायच्या आत अक्कानं नको दाबलं. तिचा हात विचार करून तिकडे गेला नव्हता. पडद्यावरची बाई 'बरं' म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं. शाईचा ठिपका पडला.

अक्का थांबून राहिली. "थांब," ती मला म्हणाली, "ती परत इचारस."

दार बंदच राहिलं. बाहेर बर्फ पडत होता. थोड्या वेळानं अक्कानं टपालवालीला दारापर्यंत नेलं आणि परत आणलं. काही झालं नाही.

"एकदाच इचारं!" अक्का म्हणाली. "कशी बाई शे ही! इतक्या थंडीमा एखादी आपली पोर दारमा उभी ऱ्हायनी तं..."

"तू नको म्हटलंस."

"मी म्हनसूच ना! तिनी ऐकानं का?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बी जळगावले ऱ्हाई ऱ्हाईसन तसाच व्हई गया. हसू नको."

मागे जाऊन उत्तर बदलता येतं हे मी तिला सांगितलं. तिनं ते केलं नाही. झालं ते झालं, म्हणाली. मला ते विचित्र वाटलं होतं. फाटे फुटणाऱ्या गोष्टीची बाजू घेऊन माझ्याशी भांडणारी ती, आणि आपल्या वाटेवरून एक पाऊलही मागे न सरणारी तीच. तिच्या त्या वाटेवर खाणावळवाली पुन्हा कधी नीट बोलली नाही. तिसऱ्या भागात तर टपाल घ्यायला नोकराला पाठवायची. अक्का प्रत्येक वेळी तिला एक शिवी घालायची, फार वाईट नाही, सासूला घालतात तसली.

त्या गुरुवारी आमच्याकडे पुस्तकांची वार्षिक पडताळणी चालू होती. जेवणाच्या सुट्टीत मी जिन्याखाली उभा राहून फोन केला. जळजळ वांग्याच्या भरतामुळे असेल, असं तीच म्हणाली. मी विचारलं, "येऊ का?" ती म्हणाली, "नको. कसाले तरास करस. माले काही व्हयेल नही." मी "बरं" म्हणालो. पडताळणी शनिवारीही होती. पुन्हा विचारलं असतं तर ती कदाचित ये म्हणाली असती आणि मला रजा मागावी लागली असती. हे त्या क्षणी माझ्या मनात होतं की नंतर आलं, ते आता सांगता येत नाही. शनिवारी सकाळी दुधाची पिशवी दारातच राहिली म्हणून शेजारच्या बाईंनी हाका मारल्या.

कॉम्प्युटर भाच्यानं माझ्याकडे दिला. पुण्याला नेऊन काय करू, म्हणाला. मी तो जळगावला आणून महिनाभर झाकून ठेवला. मग एका रविवारी सकाळी तोच खेळ लावला. तिची गोष्ट चौथ्या भागाच्या मध्यावर थांबली होती. तिला हात न लावता, खेळ जपून ठेवायच्या यादीत शेजारच्या रिकाम्या जागी मी पहिल्यापासून सुरू केलं. मी हळू खेळतो. दहा-बारा रविवार गेले.

दारातल्या बाईला मी हो म्हटलं. आत गेलो. रस्सा आला, पाव आला. ती तिच्या मुलाबद्दल बोलली. तो शहरात असतो आणि पत्र पाठवत नाही. पुढच्या भागांत ती टपाल घ्यायला स्वतः येऊ लागली. माझ्या मनात कुठेतरी असं होतं की या वाटेनं गेलं तर गोष्ट दुसरीकडे पोचेल. चौथ्या भागात खाणावळ बंद झाली आणि ती गाव सोडून गेली. अक्काच्या वाटेवरही ती गेलीच असणार. कुठल्याही वाटेनं गेलं तरी पुढे गावाबाहेरच्या एकाच पुलाशी यावं लागतं, हे नंतरच्या नकाशात स्पष्ट दिसत होतं. फरक एवढाच की माझा निरोप घेऊन गेली.

बसल्या जागी मला रागच आला. जळगावहून एरंडोल-पारोळ्यावरून जा की अमळनेरवरून जा, बस धुळ्याच्या स्टँडवरच लागते. मग वाटा दाखवायच्या कशाला? नंतर वाटलं, लिहिणारा तरी काय करणार. दर उत्तराला एक नवी गोष्ट लिहीत बसला तर त्याला आयुष्य पुरायचं नाही. म्हणून तो वाटा फोडतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा जुळवतो. मधल्या मोकळ्या जागेत काय घडतं तेवढंच खेळणाऱ्याचं.

डॉक्टर म्हणाले होते, झटका मोठा होता, कुणी जवळ असतं तरी वाचणं कठीणच होतं. ते खरं धरलं तर मी गेलो असतो तरी ती गेलीच असती. पण शुक्रवारी रात्रीपासून घरात कुणीतरी असतं. सरळ गोष्टीत असला हिशेब वाचकाच्या वाट्याला येत नाही. चाळीस वर्षं मी तशाच गोष्टी का वाचत आलो, याचं हेही एक कारण असेल.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भाचा धुळ्याचं घर उघडून बसला. अक्काच्या नावानं पहिली घागर भरायची होती. मी आदल्या दिवशी पोचलो. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, त्यानं निखाऱ्यावर घास टाकला. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं ओट्यावर ताटं पुढ्यात तशीच ठेवून बसलो होतो. आमरसावर माशा येत होत्या.

"तुला एक सांगायचं राहिलंय," मी म्हणालो, आणि सांगितलं. जळजळ, माझं विचारणं, तिचं नको, माझं बरं.

तो म्हणाला, "किती वाजता?"

"दोनच्या सुमारास."

"दुसऱ्यांदा विचारलं नाहीत?"

"नाही."

त्यानं ताटातली कोय उचलून पुन्हा ठेवली. "मी बुधवारी विचारलं होतं," तो म्हणाला. "सहजच. दोन दिवस सुट्टी होती. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नको म्हणाली."

"तिसऱ्या वेळी कशी म्हणाली?"

"हसून. म्हणाली, तू आलास तर माझा खेळ राहील, आत्ता कुठे रंगात आलाय." त्यानं आमरसावरच्या माशा हाकलल्या. "हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. आईनं खेळासाठी मला येऊ दिलं नाही असं कसं सांगायचं?"

मला हलकं वाटायला हवं होतं. तिन्ही वेळा विचारून झाल्यावर आलेला नकार आमच्यात खरा मानतात. पण तो बुधवारचा होता. बुधवारी छातीत काही नव्हतं.

ते त्याच्याही ध्यानात आलं. "मला जळजळीचं कळलं असतं तर मी विचारत बसलो नसतो, मामा," तो म्हणाला. "निघालो असतो." आवाज चढला नव्हता.

"हो," मी म्हणालो.

"पुढच्या वेळी असं काही असलं तर मला लगेच सांगा."

बोलून झाल्यावर, आता पुढची वेळ नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं. मग त्यानं दोन्ही ताटं उचलली, मी तांबे घेतले आणि आम्ही आत गेलो.