विमानाच्या दोन्ही खिडक्या

त्या केसची आठवण आली नाही असा आठवडा जात नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कोणाला अटक झाली नाही, पेपरात चार ओळी आल्या नाहीत. तरीही नोकरीतलं काय आठवतं असं कोणी विचारलं की आधी तीच बाई डोळ्यांसमोर येते, मांडीवर मोबाईल दोन्ही हातांनी धरून बसलेली.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो. माझे वडील वाईहून लखनऊला आले, इथल्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत लागले आणि इथलेच झाले. मी उत्तर प्रदेश पोलिसांत शिरलो. घरात वाईची मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, असं आयुष्य काढलं. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना मी शहराच्या दक्षिणेकडच्या एका थान्याचा प्रभारी होतो. पोलीस ठाण्याला आमच्याकडे थाना म्हणतात आणि उपनिरीक्षकाला दरोगा.

एका सकाळी हजेरी चालू असताना वरून गोपनीय पत्र आलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मोठ्या शहरात एक खासगी कंपनी लहानशा विमानातून लोकांना शहर दाखवते. पायलटखेरीज तीन प्रवासी, अर्धा तास हवेत, खाली समुद्र, पूल, उंच इमारती, की परत. वाटेत संरक्षण खात्याची एक बंद जागा लागते. तिथे फोटो काढणार नाही अशी लेखी हमी आधीच घेतात. पायलटची खबर अशी होती की एका महिलेनं तिन्ही जागा स्वतःसाठी घेतल्या आणि एकटीच बसली. ती बंद जागा जवळ येताच 'आणखी एक फेरी मारा' म्हणून हट्ट धरला आणि मनाई असताना मोबाईलवर फोटो काढले. खाली उतरल्यावर कोणी अडवायच्या आत रिक्षा करून निघूनही गेली. पत्ता वृंदावन योजना, लखनऊ. वय एकाहत्तर.

"इकहत्तर?" माझी महिला दरोगा म्हणाली. "सर, इस उमर में मेरी नानी छत पर नहीं चढ़तीं."

मी हसलो नाही. सत्तरीच्या आजीबाईच्या भाजीच्या पिशवीतून गावठी कट्टा निघालेला मी स्वतः पाहिलाय. वयाला भुललेला पोलीस एकदा तरी तोंडावर आपटतोच.

बाईमाणसाला चौकशीसाठी थान्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं आणि महिला पोलीस बरोबर न्यावी लागते. आम्ही अकराच्या सुमारास साध्या कपड्यांत गेलो. दुसरा मजला. दारावरच्या पाटीवर मराठी आडनाव पाहून मी जरा चमकलो. आत भिंतीवर हवाई दलाच्या गणवेशातल्या यजमानांचा फोटो आणि त्याला हार. घर इतकं आवरलेलं होतं की तिथे दुसरं कोणी राहत नसणार हे न विचारता कळलं.

मी ओळखपत्र दाखवलं. बाईंनी त्यावरचं माझं आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि थांबल्या. कशासाठी थांबल्या ते मला पक्कं ठाऊक होतं. लखनऊत दोन मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मूळचे कुठले?' आलमबागच्या बसमध्ये असो नाहीतर चौकातल्या कुल्फीच्या गाडीवर, तो प्रश्न विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. मी तो मुद्दाम विचारला नाही. ओळख निघाली की चौकशी ढिली पडते, असा माझा हिशोब. मी सरळ हिंदीत सुरू केलं.

"फोटो किसको भेजे?"

"किसी को नहीं."

"फिर लिये क्यों?"

गप्प.

"तीनों सीटें क्यों लीं?"

"खिड़की चाहिए थी."

"खिड़की तो एक सीट में भी मिलती है, माताजी."

हो, नाही, आणि त्यापुढे तोंडाला कुलूप. मी पंचांना बोलावलं आणि फोन ताब्यात घ्यायला सांगितलं. तेव्हा मात्र त्या उठून उभ्याच राहिल्या आणि मराठीत म्हणाल्या, "फोन सोडून काहीही न्या हो. टीव्ही न्या, कपाट न्या. फोन नको!"

झालं, माझा संशय दुप्पट झाला. त्यात टेबलाच्या खणात एक कागद सापडला. पेन्सिलीनं काढलेला नकाशा. एका बाजूला समुद्राच्या लाटा, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे एक गोल, गोलाभोवती ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला आकडा. अकरा, चोवीस, चाळीस. फोन आणि कागद दोन्हींचा पंचनामा केला, पावती दिली, थान्यात येऊन रोजनाम्यात नोंद केली आणि मोहोरबंद करून मालखान्यात, म्हणजे मुद्देमालाच्या खोलीत, ठेवलं.

संध्याकाळी बंगळुरूहून त्यांच्या मुलाचा फोन आला. आईशी संपर्क होईना म्हणून शेजाऱ्यांकडून त्यानं माझा नंबर मिळवला होता. बिचारा घाबरला होता. "सर, कैसा प्लेन? मम्मी तो तीरथ पर गयी थीं!" म्हणजे पोटच्या पोराशीही बाई खोटं बोलल्या होत्या. त्या रात्री मी मनातल्या मनात गुन्ह्याची कलमं जुळवूनही ठेवली.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. तेच प्रश्न, तेच मौन. वरून अहवालासाठी फोनवर फोन येत होते. माझं डोकं सरकलं आणि रागाच्या भरात तोंडातून मराठीच बाहेर पडली. "बाई, ताकाला जाऊन भांडं काय लपवताय! गुन्हा दाखल झाला तर या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील, कळतंय का?"

त्यांनी शांतपणे वर पाहिलं. "येतं की मराठी तुम्हाला. मग परवा काय झालं होतं?"

मी ओशाळलो. पस्तीस वर्षांत आरोपींनी मला शिव्या दिल्या, धमक्या दिल्या, एकानं चावाही घेतला, पण असं कोणी खाली मान घालायला लावलं नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"ताई, मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"तेच तर तुमच्या मालखान्यात बंद आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "फोनमधे."

आणि मग बाई बोलायला लागल्या. खाडी आणि समुद्र यांच्या मधे वीसेक घरांची वाडी होती. त्या नऊ वर्षांच्या असताना सरकारनं ती जागा संरक्षणासाठी घेतली. माणसं पांगली, घरं गेली, भोवती उंच भिंत उभी राहिली. पुढे लग्न झालं ते हवाई दलातल्या तंत्रज्ञाशी. तीनदा त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पहारेकऱ्यानं हटकलं तशा परतल्या. यजमानांनी ओळखीनं शब्द टाकावा म्हणून गळ घातली, तर ते म्हणाले, "माझी नोकरी तुझ्या माहेरपणासाठी नाही."

"ते बरोबरच होतं त्यांचं," ताई म्हणाल्या. "तेव्हापासून आम्हालाही तीच सवय. तळाबद्दल, कामाबद्दल कोणी विचारलं की गप्प बसायचं. सगळ्या बायकांना तसंच सांगितलेलं असायचं. बत्तीस वर्षं पाळलं. आता चौकशीला कोणी आलं की तोंड आपोआप मिटतं."

मी कपाळावर हात मारला. ज्या गप्प बसण्याला मी गुन्ह्याची खूण समजत होतो, ती बाईंची शिस्त होती. दोन दिवस मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

"आणि ते आकडे?"

"पावलं. मधला गोल म्हणजे विहीर. विहिरीपासून अकरा पावलांवर आमचं घर, चोवीसवर आत्याचं. विसरू नये म्हणून दरवर्षी नव्यानं काढते. नातवानं मोबाईलवरचा नकाशा दाखवला होता एकदा. तिथे नुसता हिरवा डाग! मग त्या विमानाची जाहिरात पाहिली. म्हटलं, भिंत चारी बाजूंनी असेल, वरून तर उघडं असेल ना?"

"तीन जागा कशाला घेतल्या?"

"अहो, माहेर कोणत्या बाजूनं येईल मला काय माहीत? दोन्हीकडच्या खिडक्या नकोत का? या खिडकीतून त्या खिडकीकडे नुसती सरकत होते. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, भीती तर होतीच, पण खाली विहीर दिसली आणि भीती कुठल्या कुठे गेली. हमीवर सही केली होती हे कबूल. चुकलं माझं. पण हात थांबला नाही."

"मुलाला का नाही सांगितलंत?"

"त्याचा जन्म छावणीतला. त्याच्या लेखी माझं गाव म्हणजे लखनऊ. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आता या वयात सांगितलं तर म्हणेल मम्मी बहकली, घर बंद कर आणि ये इकडे."

माझ्या दरोगाला मराठी फारसं कळत नव्हतं, तरी तिनं डोळे पुसले. "सर, ये केस नहीं है."

"अभी है," मी म्हणालो. ऐकलेलं खरं मानायचं नाही, तपासायचं, हा आमचा धर्म. किनाऱ्यावरच्या त्या शहरात पत्र पाठवलं. तिथल्या एका हवालदारानं जुन्या दप्तरात डोकं घालून जमीन संपादनाची यादी शोधून काढली. तिच्यात ताईंच्या वडिलांचं नाव होतं. बंद जागेत जुनी विहीर असल्याचंही कळवलं. मी स्वच्छ शब्दांत अहवाल लिहिला आणि तीन आठवड्यांनी आदेश आला. गुन्हा दाखल करू नये, लेखी समज द्यावी, फोटो पंचांसमक्ष नष्ट करून फोन परत द्यावा, नकाशा फाईलला जोडावा.

हे काम दरोगावर सोपवता आलं असतं. मी स्वतः गेलो. जिन्यात मनात येऊन गेलं की एक फोटो राहिला तर कुणाचं काय बिघडणार आहे. पण असा एक अपवाद करणारे अधिकारी पुढे कुठे पोचतात ते मी बघितलं होतं. ताईंना आदेश वाचून दाखवला. त्यांनी वाद घातला नाही.

"पुसायच्या आधी एकदा बघू?" त्या म्हणाल्या. "तुम्हीही बघा."

पंच आणि दरोगा दाराशी उभे होते. आम्ही दोघं सोफ्यावर बसलो. दोन फोटोंत नुसता विमानाचा पंख होता. तिसरा त्यांनी बोटांनी मोठा केला. पत्र्याच्या शेडी, एक रस्ता आणि त्या सगळ्यांच्या मधे एक काळा गोल. शेजारी झाड.

"उंडीचं झाड आहे ते. आई याच्या फांदीला दोरी बांधून कपडे वाळत घालायची. आणि हे चमकतंय ना, ते पाणी. आटलं नाही अजून. दिसलं?"

"दिसलं, ताई."

"नीट बघा हं, भाऊ. आता दोघं झालो."

मग मी तिन्ही फोटो पुसले. पुसलेले फोटो फोनमधे जिथे साठतात तिथूनही काढून टाकले. पंचांच्या सह्या झाल्या. ताईंनी विचारलं, "चहा घेता?" मी म्हणालो, ड्यूटीवर आहे. खोटं नव्हतं ते, पण मला तिथून पळायचं होतं. तो चहा घ्यायला हवा होता, हे मला अजून सलतं.

मी निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी बायको गेली. मुलगी परदेशी आहे, रविवारी फोन करते. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. आलमबागच्या या घरात दिवसभर मेट्रोच्या आवाजाखेरीज दुसरी सोबत नाही. ताईंचं एकटेपण म्हणजे काय ते मला तेव्हा फक्त कागदावर कळलं होतं. आता अंगावर कळतंय. गावाचं नाव घ्यायला समोर माणूस नसला की गाव हळूहळू आपल्यातूनही निघून जातं.

अशातच एक दिवस ताईंचा फोन आला. "भाऊ, झाड समुद्राच्या बाजूला होतं की खाडीच्या?"

"समुद्राच्या," मी म्हणालो.

"बरोबर!" आणि हसल्या. माझी परीक्षा घेत होत्या. मग महिन्या-दोन महिन्यांनी तोच फोन, तोच प्रश्न. मी वाट बघायला लागलो त्या फोनची. वर्षभरानं त्यांचा आवाज बदलला. आता त्या परीक्षा घेत नव्हत्या, त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी मात्र दर वेळी तेच सांगायचो, समुद्राच्या. "हो ना?" म्हणून त्या सुटकेचा निःश्वास टाकायच्या.

या हिवाळ्यात फोन यायचा थांबला. मग त्यांच्या नंबरावरून मुलगा बोलला. ताई गेल्या होत्या.

"अंकल, एक बात पूछनी थी," तो अडखळत म्हणाला. "मम्मी आख़िर में बार-बार किसी कुएँ की बात करती थीं. आपका नाम भी लेती थीं. मम्मी असल में कहाँ की थीं?"

पोलिसाला शिकवायला लोक मोठमोठी पुस्तकं लिहितात. मला या केसनं एवढंच शिकवलं, की समोरच्या माणसाला 'काय केलंस' विचारायच्या आधी 'कुठला तू' हे विचारावं. निम्मी चौकशी तिथेच संपते. मी ते दोन दिवस उशिरा विचारलं. त्या पोरानं अख्खा जन्म उशीर केला होता, पण विचारलं तरी.

मी त्याला सगळं सांगितलं. खाडी, समुद्र, वीस घरं, अकरा पावलं, चोवीस पावलं, उंडीचं झाड, कपड्यांची दोरी. मराठीतच सांगितलं. तो लिहून घेत असल्याचा कागदाचा आवाज तेवढा येत होता.

"अंकल," शेवटी त्यानं विचारलं, "पेड़ किस तरफ़ था? समंदर की तरफ़?"

खरं सांगतो, मला खात्री नव्हती. ताईंनी 'बरोबर' म्हटलं होतं, पण तेव्हा तरी त्यांना नक्की आठवत होतं का, कोण जाणे. तो फोटो मी एकदाच पाहिला होता, मिनिटभर, आणि आता डोळे मिटले की झाड कधी या बाजूला दिसतं, कधी त्या. आयुष्यभर मी न तपासलेल्या गोष्टीवर सही केली नाही. पण पलीकडे तो पेन हातात धरून थांबला होता, आणि ते गाव पाहिलेला माझ्याखेरीज कोणी उरला नव्हता.

"हो बाळा, समुद्राच्याच बाजूला," मी ठामपणे सांगितलं. पुरावा मागितला असता तर माझ्याकडे नव्हता. तो मीच पुसला होता.