चढावरची दहा मिनिटं

सिंधूवहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भावजी, जीप चढावर थांबली हाय…" मी म्हटलं, त्यात नवीन काय? ती नेहमीच थांबते. मग त्या म्हणाल्या, "ह्ये इंजिनावर वाकलेत… उठंनात." अर्ध्या गालावरचा फेस तसाच घेऊन मी निघालो.

वहिनींचा नवरा दिगंबर माझा शाळेपासूनचा दोस्त. खर्ड्याजवळ त्याची शेती आणि वडिलांच्या वेळची पेट्रोल जीप. गॅरेजची पायरी गडी कधी चढला नाही. बॉनेट उघडलं की पंप, प्लग, पट्टा सगळं हाताशी. दोन पाने आणि एक पक्कड, झालं काम. माझ्या नव्या गाडीचं बॉनेट उघडून तो पोट धरधरून हसला होता. "मास्तर, झाकन उघडलं तर आत आनखी झाकनच! हात घालायचा कुठं? हौसेनं कुलूपबंद पेटी आनलीस व्हय रं?" मी जाम चिडलो होतो. उगाच चिडलो.

त्या जीपची एकच खोड. जामखेडहून येताना चढावर उन्हात पेट्रोलची नळी तापायची, पंपाला पेट्रोल ओढता यायचं नाही, आणि इंजिन बंद. दिगू पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचा. वहिनी शेजारच्या दगडावर बसायच्या. दसऱ्याच्या आधी तशाच उन्हात तो फडकं टाकायला वाकला… "मी बोलतच हुते, भावजी. पोराचं, म्हशीचं. ह्ये 'हं, हं' म्हनत हुते. लई येळ झाला तरी उठंनात, म्हून जवळ गेले." डॉक्टर म्हणाले, वाकला तेव्हाच गेला असणार. वहिनी आजही शपथेवर सांगतात, 'हं' शेवटपर्यंत ऐकू येत होतं.

पुण्यात असणारा त्यांचा मुलगा महेश दिवस उरकल्यावर माझ्याकडे आला. आईला डोळे दाखवायला जामखेडला न्यावं लागतं आणि माझ्या गाडीत ती पाय ठेवत नाही, हे त्याला माहीत होतं. "काका, जीप परत एकदा जरी तिथं बंद पडली ना, तर मी सरळ भंगारात देणार. आईचा जीव त्या चढावर अडकलाय." सोबत आलेल्या वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

मग मीच बाह्या सरसावल्या. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तापलेला पाइप आणि पेट्रोलची नळी यांच्यामध्ये बसवला की झळ लागत नाही, एवढं मलाही कळतं. पण लावायला गेलो तर तिथं दोन भोकं आधीच पाडलेली! आणि सीटखाली मापात कापलेला, काळा पडलेला पत्रा. म्हणजे गड्याला इलाज ठाऊक होता.

"लगीन झाल्यावर लावला हुता त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "गाडी थांबायचीच बंद झाली. घरात मानसांचा राबता, आमाला बोलाय जागा न्हाई. मीच भांडून काढाय लावला…" जरा थांबून म्हणाल्या, "लावा तुमी. भंगारात जान्यापरीस बरं." मन खात होतं, तरी मी लावला.

गेल्या आठवड्यात आम्ही जामखेडहून परतत होतो. ढगाळ दुपार, हुडहुडी भरवणारा वारा. चढावर, त्याच दगडापाशी, जीप बंद पडली. बॉनेट उघडलं. पत्रा जागेवर. पंपाला हात लावला तर गारेगार. आणि त्यावर फडकं होतं… ओलं. आमच्या पाण्याच्या बाटलीचं तर बूचही उघडलेलं नव्हतं.

वहिनी केव्हाच दगडावर जाऊन बसल्या होत्या. "म्हशीला पारडी झाली," त्या इंजिनाकडे बघून सांगत होत्या. मी लांब जाऊन पाठ फिरवून उभा राहिलो, पण कान तिकडेच. त्या बोलायच्या, थांबायच्या, आणि मग अशा पुढे बोलायच्या की मध्ये कुणीतरी काहीतरी म्हटलं असावं. एकदा तर हसल्यासुद्धा. दहा मिनिटांनी जीप पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

घरी पोचतो न पोचतो तोच महेशचा फोन. "काका, थांबली का कुठं?"

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खरं बोला, खरं बोला म्हणून जन्मभर मी पोरांच्या हातावर छड्या ओढल्या.

"छे रे," मी म्हटलं, "कुठंच नाही."