पाण्याला झालेला रोग

मावशी पान हुंगून झाडाचा रोग सांगते, असं गल्लीत बोलतात. साफ खोटं. मावशीला लहानपणापासून वासच येत नाही. घरात दूध करपलं, तर शेजारीण येऊन सांगते.

ती प्रयोगशाळेत पानाचा नखाएवढा तुकडा कुटते, त्यातून जंतूचा डीएनए काढते आणि यंत्रात टाकते. यंत्र दोन तास तापवतं, निववतं, एकाचे कोट्यवधी करतं. मग दिव्याखाली रेघ चमकली तर रोग; नाही तर नाही. दर वेळी एका नळीत नुसतं पाणी असतं, पान नाही. ती नळी सगळे विसरतात. मावशी नाही.

त्या आठवड्यात नासपतीवाले काका आले. चाळीस झाडं, शेंडे जाळल्यासारखे काळे. 'आगकरपा' निघाला तर अख्खी बाग तोडून जाळायची, असा नियम. करवतवाला उद्याचा ठरवूनच ते आले होते.

रेघ चमकली. झाडून सगळ्या नळ्यांत.

"रोग आहे, लिहा आणि मोकळ्या व्हा," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले.

"लिहिते की," मावशी नाकातून म्हणाली. "पाण्याचंही लिहू? त्यालाही झालाय."

साहेबांनी चष्मा पुसला.

"काल पाहुण्यांना दाखवायला याच टेबलावर जुन्या नळ्या कोणी उघडल्या हो?"

साहेबांनी चष्मा पुन्हा पुसला.

जुन्या, रोग निघालेल्या नळ्यांतला डीएनए सगळीकडे उडाला होता. मावशीने द्रावणं फेकली, टेबल घासलं आणि काकांना म्हणाली, "करवत उद्या नको. परवा बघू."

"आगकरपाच निघणार, लाव पैज," मी म्हटलं.

"मी झाडांवर पैज लावत नाही. पाण्यावर लावते. पाणी कोरं येईल."

"साहेब आहेत तोवर? शक्यच नाही!"

मी तिच्या बोलण्याची नक्कल करते; हरले तर ती महिनाभर बंद, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम खात्रीचा रोग घातलेली नळी चमकली, म्हणजे चाचणी चालली होती. पाणी कोरं. नासपतीच्या नळ्याही कोऱ्या. दुसऱ्या चाचणीत थंडीत शेंडे करपवणारा साधा जंतू सापडला.

काकांनी खिशातून फोन काढला. म्हणाले, "करवतवाल्याला काय सांगू, ताई?"

"कात्री आणायला सांगा. काळ्याच्या खाली हातभर छाटा. आणि दर वेळी कात्री पुसा. असो."

हे 'असो' ती कसं म्हणाली, ते मी करून दाखवलं असतं. अजून सव्वीस दिवस आहेत.