घोड नदी न ओलांडलेली नाटके

श्री. रंगनाथराव भालके, म्हणजे आपल्या सर्वांचे नाना, यांची आणि माझी पहिली भेट नगरमधल्या त्यांच्या दुकानात झाली. दुकानावर 'रेडिओ दुरुस्ती' अशी पाटी होती आणि आत दुरुस्तीला आलेला एकही रेडिओ नव्हता. चारी भिंतींवर गोधड्या टांगलेल्या होत्या; आवाज घुमू नये म्हणून, हे मला नंतर कळले. मी नुकतीच बी.ए. झाले होते. जुन्या टेप कॉम्प्युटरवर उतरवायला कोणीतरी हवे आहे, असे कॉलेजातल्या बाईंकडून कळले म्हणून गेले होते. नानांनी नाव विचारले, स्वतः खुर्ची पुसून दिली आणि पुढे काही न बोलता एक गाणे लावले. कोणी गृहस्थ विरहाचे पद म्हणत होते. पेटी पुढे निघून गेली होती, ते मागून येत होते, आणि वरच्या सुरापाशी आल्यावर त्यांनी तो लांबूनच पाहून परत फिरणे पसंत केले. गाणे संपल्यावर कसे वाटले, असे नानांनी विचारले. मला नोकरीची गरज होती. फार छान, असे मी सांगितले.

"ताई, खोटं बोलू नका," नाना शांतपणे म्हणाले. "वाईट आहे. वाईट आहे हे माहीत असून आपल्याला ते नीट ऐकायचंय. जमेल का?"

जमेल म्हटले, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

नानांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांना नानांचे काम माहीत आहे, पण ज्यांना ते फक्त लग्नसराईतले 'भालके साउंड सर्व्हिस' म्हणून ठाऊक आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगते. नाना तरुण असताना आपल्या जिल्ह्यात हौशी मंडळी संगीत नाटके बसवत. पहिला प्रयोग नगरला, मग श्रीरामपूर, संगमनेर, आणि तिथे जमले की थेट पुणे, असे प्रत्येकाचे स्वप्न असे. बहुतेक नाटके पुण्याच्या आधीच कुठेतरी पडत. जी चालली त्यांच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. पडलेल्या नाटकाचे मात्र पडदे लग्नाच्या मांडवाला जात, तलवारी गणेशमंडळाला जात, आणि गाणी कुठेच जात नसत. या सर्व नाटकांना कर्णे आणि माईक पुरवणारे नाना प्रत्येक पाडावाचे साक्षीदार होते. नाटक पडले की पुढच्या आठवड्यात ते सगळ्या नटमंडळींना दुकानात बोलावत आणि गाणी टेप करून ठेवत. गेली अनेक वर्षे ते हेच करत आले आहेत. आज ती मंडळी कोणी सरपंच आहेत, कोणी पोल्ट्री चालवतात, कोणाचे गुडघे बदलले आहेत. नाना त्यांना शोधून काढतात आणि राहिलेले पद म्हणायला लावतात.

त्यांचा संग्रहाचा नियम सोपा आहे. ज्या नाटकाने शिरूरची घोड नदी ओलांडली ते आपले नाही. 'संगीत दुष्काळविजय' आपले, कारण पहिल्याच प्रयोगाला एवढा पाऊस झाला की मांडव, पेटी आणि दुष्काळ तिन्ही वाहून गेले. 'संगीत सहकारसम्राट' आपले, कारण त्यातल्या खलनायकाच्या मिशा पहिल्या रांगेत बसलेल्या एका चेअरमनसाहेबांसारख्या निघाल्या आणि दुसरा प्रयोग झालाच नाही. एका नाटकाचा मात्र शिरूरलाच एक प्रयोग झाला होता. शिरूर गाव नदीच्या पलीकडे, म्हणजे पुणे जिल्ह्यात. ते नाटक यशस्वी धरायचे की पडलेले, यावरून नाना आणि त्या नाटकाचे लेखक यांच्यात अजून बोलणे बंद आहे. लेखकांचे म्हणणे, पडलेलेच आहे, मला घ्या. नाना म्हणतात, नदी ती नदी.

दुसरा नियम याहून कडक. ज्याने रंगमंचावर भूमिका केली त्यानेच गायचे. बरा गळा मिळाला म्हणून दुसऱ्याला बोलवायचे नाही. आणि जे होईल ते कापायचे नाही. खोकला, ठसका, मध्येच "अगं चहा ठेव" असे म्हणणे, सगळे ठेवायचे.

ध्वनिमुद्रणाची त्यांची पद्धतही खास नगरची आहे. दुकानाच्या शेजारी पिठाची गिरणी आहे. ती वीज गेल्याशिवाय थांबत नाही, आणि वीज गेली की टेपही थांबतो. नानांनी यावर ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवली. त्यामुळे आमच्याकडे गाणी फक्त लोडशेडिंगमध्ये होतात. राजा, राणी, विदूषक, पेटीवाले सगळे घसा साफ करून बल्बकडे बघत बसतात. बल्ब विझला की गिरणी थांबते आणि राणी सुरू होते. सगळे शहर वीज मंडळाला शिव्या देत असताना आमच्या दुकानात आनंदाचे वातावरण असते. अलीकडे वीज फारशी जात नाही, याची नानांना खरी चिंता आहे.

नानांच्या स्वभावातला जिव्हाळा मी स्वतः अनुभवला आहे. माझे घर पाथर्डीकडचे. पदवीदान समारंभाच्या वेळी आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला कोल्हापूरकडे होते. आमच्या घरातली ही पहिलीच पदवी, आणि बघायला घरचे कोणीच नाही. नाना कोट घालून आले आणि माझे नाव पुकारले गेले ते त्यांनी रेकॉर्ड करून दादांच्या मोबाईलवर पाठवले. दुर्दैवाने नेमक्या त्याच क्षणी नानांना खोकल्याची उबळ आली होती. ते कापून टाकू, असे मी सुचवले. नियमात बसत नाही, असे उत्तर मिळाले. दादांनी ते कोपीवर, म्हणजे तोडणीवरच्या पाचटाच्या झोपडीत, सगळ्यांना ऐकवले आणि मग फोन करून मला विचारले, "लई भारी वाटलं बघ. पर एक सांग, ह्यात तू खोकली का?"

आता ज्या कामासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येते.

नानांच्या संग्रहातले एकच नाटक अपुरे होते, आणि ते त्यांना सर्वांत जवळचे. 'संगीत शर्वरीहरण'. ते पडले ते नानांमुळे, आणि ही गोष्ट नाना दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगतात. नगरला प्रयोग होता. संध्याकाळची वेळ, शेवटचा अंक. शर्वरी झालेल्या सुमनबाई नायकाला विचारत होत्या, 'सांगा नाथा, पुन्हा कधी भेटाल?' यावर नायक बबनराव गाऊन उत्तर देणार होते. पण नानांच्या माईकच्या वायरीतला एक टाका कच्चा राहिला होता, आणि त्या वायरीने आकाशवाणी पकडली. कर्ण्यातून स्वच्छ आवाज आला, "कांदा. आवक मध्यम." बबनराव तोंड उघडे ठेवून उभे राहिले. सुमनबाईंनी धीर न सोडता पुढची ओळ घेतली. तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी कळवळून ओरडले, "ओ बाई, जरा थांबा, भाव ऐकू द्या." सगळे थिएटर हसले. नाटक तिथेच संपले, आणि सुमनबाई पुन्हा कधी गायल्या नाहीत.

त्या आता पुणतांब्याला असतात. मुलगा, सून, नातवंडे, पेरूची बाग असा मोठा संसार आहे. त्यांची आठ पदे सोडून बाकीचे शर्वरीहरण नानांनी केव्हाच मुद्रित केले होते. बबनराव तर काही वर्षांपूर्वी गेले. मागच्या वर्षी डॉक्टरांनी नानांना जिने चढायला बंदी केली. त्या दिवशी दुकानात आल्यावर नाना म्हणाले, की ताई, बाकी काही राहिले तरी चालेल, शर्वरी राहायला नको.

म्हणून आम्ही एस.टी.ने पुणतांब्याला गेलो. पहिल्या खेपेला मी सुमनबाईंपुढे सांस्कृतिक ठेवा आणि पुढच्या पिढ्या यांच्यावर मनापासून बोलले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मी विमा विकते का, असे विचारले. मग आम्हाला पेरू दिले आणि वाटेला लावले. दुसऱ्या खेपेला त्या घरात नव्हत्या. म्हणजे आतल्या खोलीतून त्यांचाच आवाज सुनेला सांगत होता, की सांग, आत्याबाई गावाला गेल्यात. नाना अंगणातून म्हणाले, बरं, आल्या की सांगा नाना येऊन गेले. आतून उत्तर आले, "सांगते."

तिसऱ्या खेपेला नानांनी गाण्याचा विषयच काढला नाही. नुसते ऐका, एवढेच म्हणाले आणि ओसरीवर बाकीच्यांची पदे लावली. खलनायकाचे पद सुरू झाले. सुमनबाई सुपारी कातरत होत्या, त्यांचा हात थांबला.

"ह्यो शंकर का?"

नाना म्हणाले, होय.

त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने खांदे हलायला लागले. मग सेनापती आले, मग दासी आली, आणि दासीच्या तानेला सुमनबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले.

"लोक मला हसले म्हनून मी इतकी वर्सं तोंड मिटून बसले," त्या म्हणाल्या. "आन् ही समदी अशी गात हुती व्हय? ह्यांच्यापरीस मी बरी हुते."

"पुष्कळ बऱ्या होतात," नाना म्हणाले. "म्हणून तर येतोय."

त्यांनी सुपारी बाजूला ठेवली. पण त्यांचे मुख्य पद दोघांचे होते, आणि बबनराव नाहीत, मग त्या ओळी कोण म्हणणार, हा प्रश्न त्यांनीच काढला. कॉलेजात एक चांगला गाणारा मुलगा आहे, असे मी उत्साहाने सांगितले. नाना आणि सुमनबाई दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी पेरू खायला लागले. नाना खालच्या आवाजात म्हणाले, की नियम मोडता येत नाही, मूळ माणूसच हवा. एवढे बोलून ते वायर गुंडाळू लागले. मला वाटले, संपले.

"थांबा," सुमनबाई म्हणाल्या. "मूळ मानूस कोन? बबनरावांनी तर त्या दिवशी तोंड मिटलं न्हाई आन् शब्दबी काढला न्हाई. त्या जागी बोलला तो तुमचा कर्णा. मग मूळ मानूस तुमीच की, नाना."

आयुष्यभर दुसऱ्यांपुढे माईक धरणारे नाना 'हॅलो, माईक टेस्टिंग' याच्या पलीकडे कधी माईकमध्ये बोललेले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी नियमांच्या बाजूने होते. तेवढ्यात वीज गेली, शेजारच्या मळ्यातली पाण्याची मोटार बंद पडली, आमचा टेप सेलवर चालणारा होता, आणि नानांना सबब उरली नाही.

सुमनबाईंनी सुरुवात केली. आवाज पिकलेला होता, पण सूर जागच्या जागी. 'सांगा नाथा, पुन्हा कधी भेटाल?' आणि नानांनी, कोटाचे बटण लावून, आकाशवाणीच्या गंभीर चालीत सांगितले, "कांदा. आवक मध्यम." मग कमीत कमी भाव, जास्तीत जास्त भाव, लसूण, बटाटा, सगळे. हातात कागद नव्हता. त्या संध्याकाळचे भाव त्यांना अजून तोंडपाठ होते. सून हसली, नातवंडे हसली, आणि या वेळी सुमनबाई सगळ्यांच्या आधी हसल्या. हसू आवरून त्यांनी शेवटची ओळ मात्र अशी घेतली की अंगणात कोणी हलले नाही. कोणी थांबवलेही नाही.

वीज आली तेव्हा नाना चष्मा पुसत होते. लगेच पुढचे पद घेऊ, असे ते घाईने म्हणाले. सुमनबाईंनी मान हलवली. वर्षाला एकच, पेरूचा बहार संपल्यावर, घाईने सूर जातो, असे त्यांनी ठरवून टाकले. नानांनी वयाचे कारण सांगितले, डॉक्टरांचे सांगितले. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

"मग जगा की," त्या म्हणाल्या. "मी कुठं पळून चालले?"

आज नानांची पंच्याहत्तरी साजरी करताना आपण सर्वजण त्यांना निरोगी दीर्घायुष्य चिंतत आहोत. माझी प्रार्थना थोडी अधिक नेमकी आहे. सुमनबाईंची सात पदे बाकी आहेत. तेव्हा नानांचे कान शाबूत राहोत, गुडघे पुणतांब्याच्या एस.टी.ची पायरी चढोत आणि वीज मंडळाची कृपा अधूनमधून होत राहो. शेवटचे पद होईल तेव्हा नाना ब्याऐंशी वर्षांचे असतील. सुमनबाईंचे वय विचारण्याची चूक मी एकदा केली. नानांपेक्षा आपण लहानच आहोत, एवढे त्यांनी लिहून घ्यायला सांगितले आहे.