बर्लिन ते बार्सिलोना : अडीच तास

विनायककाकांनी तिकीट पाठवून मला कॅनडास बोलावले, तेव्हा तहसील कचेरीसमोरील माझ्या टेबलाभोवती पक्षकार जमले. आठवीपर्यंत शिकलेल्या अर्जनविसास परदेशातून बोलावणे यावे, ही बाब नोंद घेण्याजोगीच होती.

टोरांटोच्या विमानतळावर काका स्वतः गाडी घेऊन आले होते. जवळच्या व्हिटबी शहरात त्यांच्या ड्राइव्हवेवर (घरापुढील गाडीच्या वाटेवर) उतरताच मी बर्फावरून घसरलो.

“सकाळीच बर्फ शोव्हल केला होता रे,” काका ओशाळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरोवर दाखविले. काठ गोठलेला, पलीकडचा किनारा दिसेना.

“काका, हा समुद्रच की!”

“अरे, हा नुसता लेक.” त्यांना धाप लागली होती.

रात्रीच्या पिठल्याभातावर त्यांनी बोलावण्याचे कारण सांगितले. “तीन आठवड्यांनी माझी हार्ट सर्जरी आहे. पोरं दोन दिशांना : मिलिंद बर्लिनला, अजित बार्सिलोनाला. त्यांची आई गेल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. सर्जरीच्या आधी दोघांना एकत्र बघायचंय.”

“अंतर किती?”

“दीड हजार किलोमीटर. डायरेक्ट फ्लाइटनं अडीच तास.”

“आमच्या गावाहून एसटीनं जिल्ह्याला जायला तेवढेच लागतात.”

“तेच तर. मी दहा ईमेल केल्या. आता तू लिही. तुझ्या अर्जानं तहसीलदार हलतो म्हणे.”

“हलतो,” मी म्हणालो, कारण ते खरे आहे.

दोन दिवस खपून अर्ज सिद्ध केला. विषय : उभय बंधूंनी समक्ष भेटणेबाबत. अंतर घातले, उड्डाणाचा वेळ घातला, सबब हरकतीस कारण उरत नाही असे नमूद केले. सहीपूर्वी अर्जदारास मजकूर वाचून दाखवावा लागतो. त्याप्रमाणे वाचू लागलो. चौथ्या कलमाशी काकांनी हात वर केला.

“परत वाच.”

“‘अर्जदाराने स्वतः बंधुभावात कधीही कसूर केलेली नाही.’”

“हे काढ.”

“नेहमीचं कलम आहे, काका. प्रत्येक अर्जात घालतो.”

“अण्णा गेला तेव्हा मी आलो नव्हतो.”

अण्णा म्हणजे माझे वडील.

“तुम्हाला तिकीट मिळालं नव्हतं.”

“मिळालं होतं. वाटणीचा राग होता. कॅन्सल केलं.”

काकांना तिकीट मिळाले नाही, हे मीच अकरा वर्षे गावाला सांगत आलो होतो. मी कलम खोडून त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले आणि पुन्हा वाचले. काकांनी सही केली. कागदाचे छायाचित्र दोन्ही मुलांना गेले.

शनिवारी फोनच्या पडद्यावर दोन चेहरे एकत्र आले.

“बाबा, अजितच्या किचनमध्ये आहे. चहा टेरिबल आहे.”

“ही इज ऑलरेडी कम्प्लेनिंग, बाबा!”

काका हसले आणि चष्मा पुसत राहिले. शस्त्रक्रियेस दोघेही आले. काका हिंडूफिरू लागल्यावर मी परतलो.

गावी आल्यावर आईला तिकिटाची खरी गोष्ट सांगितली. ती रागावेल, अशी माझी समजूत होती. तिने एवढेच विचारले,

“तिथून इथवर यायला किती वेळ लागतो?”

“सगळं धरून एक दिवस.”

“एवढाच? मग भाऊजींना म्हणावं, या.”

एरवी असा निरोप मी लिहून काढला असता. त्या संध्याकाळी फोन लावला आणि तिच्या हाती दिला.