तीन ताटल्यांतले वाटे

गेल्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी, दिघीच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यातल्या प्राथमिक शाळेत आठ वर्षांच्या एका मुलीची चाचणी झाली. चाचणी घेणाऱ्या बाई आयर्लंडच्या होत्या. निकाल आधी चुकीचा लिहिला गेला. लिहिला जात असताना मी शेजारच्या खुर्चीवर होतो.

बाई त्यांच्या देशात विशेष मुलांना शिकवतात. सुट्टीवर आल्या होत्या, समुद्राकाठच्या एका घरात तीन आठवडे उतरल्या होत्या. त्यातले दोन आठवडे त्यांनी आपणहून आसपासच्या शाळांना दिले. सकाळी मुलांसोबत बसायच्या, दुपारी शिक्षकांना आपल्या पद्धती समजावून सांगायच्या. मी वर्तमानपत्रातली नोकरी संपवून बोर्ली पंचतनला, माझ्या गावी, परत राहायला आलो होतो, म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे आले.

मुलगी बोलत नसे. कान चांगले होते, ते तपासून झाले होते. हाक मारली तरी वळत नसे, कोणी हात धरला तर किंचाळत असे. एका खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या तिच्या शिक्षिकेने मला आधीच कल्पना दिली होती. ही मुलगी इतरांबरोबर शिकू शकणार नाही असे पाहुण्या बाईंनी लिहून दिले, तर घरच्यांना पनवेलकडच्या निवासी शाळेचा सल्ला द्यायचा होता. शाळेला मुलीचे नाव पटावरून काढता येत नाही, सल्ला देता येतो. लेखी सल्ल्यापुढे या घरातून कोणी बोलले नसते. शिक्षिका हे सांगताना खाली बघत होती. आपल्याला हे नको आहे, पण दुसरे काही सुचत नाही, असे ती म्हणाली.

मुलीच्या आईने मला एवढेच विचारले होते, की तिथे रात्री मुलीजवळ कोण झोपते. हे तिने दोनदा विचारले.

चाचणीत शब्द नव्हते. बाईंनी सतरंजीवर तीन स्टीलच्या ताटल्या मांडल्या आणि लाकडी मणी ओतले. तीन मोठे लाल, सहा मध्यम निळे, बाकीचे बारीक पिवळे. एका ताटलीत लाल, दुसरीत निळा, तिसरीत पिवळा मणी ठेवून त्यांनी मुलीकडे पाहिले. मुलीने तिन्ही मणी उचलून बाजूला टाकले. मग स्वतः सुरुवात केली. ताटल्यांत मणी पडत गेले, सगळे रंग एकमेकांत मिसळून. शेवटी एक पिवळा मणी उरला, तो तिने मुठीत धरला. बाईंनी दुसऱ्यांदा करून दाखवले. मुलीने दुसऱ्यांदा मोडले आणि पुन्हा तसेच केले.

बाईंनी कागदावर लिहिले, की रंग किंवा आकार ओळखून वस्तू वेगळ्या करता येत नाहीत. मी त्याखाली मराठीत तेच लिहिले.

आई तेवढ्यात बोर्लीच्या बाजारातून आली. टोपली रिकामी झाली होती. ती दारातच टेकली, आत यायला कचरत होती, अंगाला मासळीचा वास आहे म्हणून. शिक्षिकेने तिला हळू आवाजात काय झाले ते सांगितले. आईने मान वर करून ताटल्यांकडे पाहिले.

"ती चुकली न्हाय," ती म्हणाली. "वाटे लावलेत तिनं."

मी ताटल्या मोजल्या. प्रत्येकीत एक लाल, दोन निळे, चार पिवळे. लाल वर, दिसेल असा. बाजारात फळीवर मासळी अशीच लावतात. एक मोठा, दोन मधले, खाली बारीक, आणि वाट्या-वाट्यात फरक नको. असे वाटे मी लहानपणापासून विकत घेत आलो आहे. तरी तिथे बसून मला ते दिसले नव्हते.

मी बाईंना सांगितले. त्यांनी विचारले, हे मुलीला कोणी शिकवले? आई म्हणाली, शिकवले कोणी नाही. शाळा नसते तेव्हा मुलगी तिच्या मागे बसते, एवढेच. मग तिने मला विचारले, बाईंच्या गावी मासळी कशी विकतात. दुकानात वजन करून, पाकिटात भरून, असे बाईंनी सांगितले.

"मंग त्यांना कसं कळंल?" आई म्हणाली. "भाऊ, तुमी तर इथलंच न्हवं?"

शिक्षिका हसली. बाईंनी मला भाषांतर करायला लावले आणि त्याही हसल्या.

त्यानंतर आई आत येऊन ताटल्यांच्या पुढ्यात उकिडवी बसली, गिऱ्हाईक बसते तशी. मधल्या ताटलीकडे बोट करून तिने नाक मुरडले.

"एवढाच व्हय गं? वर घाल की."

मुलीने आईच्या तोंडाकडे पाहिले. मग मूठ उघडली आणि उरलेला पिवळा मणी मधल्या ताटलीत ठेवला.

बाईंनी तो प्रकार पुन्हा करून बघायला सांगितले. या वेळी मणी मुलीच्या हातात देऊन त्या स्वतः गिऱ्हाईक झाल्या. मुलीने त्यांच्याकडे पाहिले नाही, वर काही घातलेही नाही. आई पुन्हा बसली तेव्हा घातला. बाईंनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

पहिली ओळ त्यांनी खोडली आणि खोडलेल्या जागी सही केली. खाली नवीन मजकूर लिहिला. मुलगी समान वाटणी करते, ओळखीच्या व्यवहारात समोरच्याला प्रतिसाद देते. गावातल्या शाळेतच ठेवावी. नव्या वर्षाचे पहिले काही महिने आईने रोज थोडा वेळ वर्गात बसावे. मी त्याचे मराठी केले. शिक्षिकेने कागद दोनदा वाचला आणि विचारले, आईला सकाळी बाजार असतो, त्याचे काय? आई म्हणाली, बाजार जाऊबाई बघेल.

पुढच्या आठवड्यात बाई परत गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडून वाटा कसा लावतात ते लिहून घेतले. माझ्या लिहिण्यात दोन चुका होत्या, त्या मुलीच्या आईने दुरुस्त केल्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आई ऑगस्ट संपेपर्यंत वर्गात बसली. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मी शाळेत गेलो तेव्हा ती आली नव्हती, मुलगी आली होती. तिसरीच्या हजेरीपटावर तिचे नाव अकरावे आहे. ऑगस्टअखेर तिचे नऊ खाडे होते. त्यातले चार नारळी पौर्णिमेच्या आठवड्यातले.